मंडपातली घूंऽघूं: एका स्ट्रॅटचं प्रकरण

इंदूरच्या सुदामानगर भागातल्या एका गणेश मंडळाच्या ऑर्केस्ट्रात आमचा एक मित्र गिटार वाजवतो. गेल्या वर्षी त्याने हातातली स्ट्रॅट, म्हणजे फेंडर कंपनीच्या आराखड्याची इलेक्ट्रिक गिटार, विकून गिब्सनच्या लेस पॉल घडणीची गिटार घ्यायचं जवळजवळ पक्कं केलं होतं. रंगीत तालमीच्या रात्री मंडपात त्याच्या गिटारमधून इतकी घूंऽघूं येत होती की गायिका गाता गाता मागे वळून बघू लागली, आणि साउंडवाल्याने शेवटी गिटारचा फेडरच खाली ओढला. "भिया, सिंगल कॉइल है ना, ये तो करेगी ही," एवढं बोलून तो मोकळा झाला. कार्यक्रम आठवड्यावर आला होता.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण सिंगल कॉइल की हमबकर (तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या पिकअपचे हे दोन प्रकार) हा वाद आपल्या हौशी मंडळींत नेहमी मॉडेलच्या नावांवरून घातला जातो. आवाज नेमका कसला आहे, कुठून शिरतोय, हे तपासण्याआधीच गिटार विकायला निघते. या प्रकरणात तपासणी झाली, आणि तिच्यातून जे बाहेर आलं ते गिटारच्या निवडीपेक्षा बरंच गंभीर होतं.

गिटार आणि तिची तक्रार

गिटार नेहमीच्या स्ट्रॅट आराखड्याची: बोल्टने बसवलेली मेपलची मान, साडेपंचवीस इंचांची स्केल (तारेची वाजती लांबी), तीन सिंगल कॉइल पिकअप, स्प्रिंगवर डोलणारा ट्रेमोलो ब्रिज, म्हणजे तारांचा खालचा आधार. फेंडरने 1954 साली हा आराखडा बाजारात आणला तेव्हा पिकअप निवडायचा स्विच तीन खटक्यांचा होता. पाच खटक्यांचा 1977 पासून मिळू लागला. मित्राच्या गिटारला पाच खटके आहेत. पहिल्यावर ब्रिजचा पिकअप एकटा, दुसऱ्यावर ब्रिज आणि मधला, तिसऱ्यावर मधला, चौथ्यावर मधला आणि मानेकडचा, पाचव्यावर मानेकडचा एकटा.

सिंगल कॉइल म्हणजे सहा चुंबकांभोवती गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. तार इतकी बारीक की जाडी साधारण 0.06 मिलिमीटर. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. पण तारेने हलवलेलं क्षेत्र आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र यांत त्या वेढ्यांना फरक करता येत नाही. त्यावर गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी उपाय काढला. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, एकीचे वेढे उलटे आणि चुंबकाची दिशाही उलटी. तारेचा संकेत दोन्हींतून मिळून वाढतो, बाहेरून आलेली घूं एकमेकींना खोडते. हाच हमबकर. पेटंटचा अर्ज 1955 चा, ते मिळालं 1959 मध्ये, आणि मधल्या काळात 1957 पासून हे पिकअप लेस पॉलवर बसू लागले होते. त्याआधी 1952 पासूनच्या लेस पॉलवर पी-90 होते, आणि पी-90 हीसुद्धा सिंगल कॉइलच. 'लेस पॉल म्हणजे शांत गिटार' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

गायिकेला त्रास का झाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. पांढरी पाचचा खर्ज 49 हर्ट्झवर येतो, म्हणजे मंडपातली घूं त्याच्या किंचित वर, अर्ध्या सुराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने चढी. गाणं पांढरी पाचमध्ये असेल तर ती तंबोऱ्याच्या आडून खपूनही जाईल. पण आमची गायिका काळी चारमध्ये गात होती. काळी चारचा खर्ज 51.9 हर्ट्झ. म्हणजे दोन ओळींच्या मधल्या शांततेत तिच्या षड्जाच्या खाली एक उतरलेला, बेसूर षड्ज सतत वाजत होता. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, म्हणून तिकडची घूं काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे पडते. तिकडची रेकॉर्डिंगं ऐकून 'एवढी घूं तर चालते' असं आपण ठरवतो, तेव्हा सूर वेगळा आहे हे विसरतो.

प्रत्येकाचा उपाय वेगळा

आमच्या कंपूत त्या संध्याकाळी ज्याच्या घरी जी गिटार त्याप्रमाणे त्याचं मत पडलं. लेस पॉलवाला म्हणाला, गिटारच बदल. दुसऱ्याचं म्हणणं, स्टॅक प्रकारचे पिकअप टाक. दिसायला सिंगल कॉइल, पण आत एकावर एक दोन कॉइल. तिसरा तांब्याच्या चिकटपट्टीवर ठाम होता: गिटारची पोकळी आतून मढव, सगळं शांत होईल.

वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आमच्यात बसतात. ते स्वतः व्हायोलिन वाजवतात, गिटारचं त्यांना विशेष प्रेम नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तारांना हात लावला की आवाज कमी होतो, वाढतो, की तसाच राहतो? आणि तू फिरलास की बदलतो का?"

मित्राला सांगता येईना. तालमीत कोणी पाहिलंच नव्हतं.

घरातली तपासणी

दुसऱ्या दिवशी गिटार आणि अ‍ॅम्प माझ्या घरी आला. घरचं अर्थिंग काकांनी आधी मल्टिमीटरने पाहून घेतलं, मगच अ‍ॅम्प लावू दिला. गिटारचा आवाज पूर्ण उघडा, तारांना कोणाचा स्पर्श नाही. दोन आवाज वेगवेगळे ऐकू येत होते. एक जाड, गोल घूं. दुसरी तिच्यावर बसलेली चरचर, माशी काचेवर आपटावी तशी.

या दोघींचं मूळ वेगळं आहे. घूं चुंबकीय क्षेत्रातून येते, पिकअपच्या वेढ्यांतून. चरचर विद्युत क्षेत्रातून येते. वायरी, स्विच, वादकाचं शरीर हे सगळं अँटेनासारखं काम करतं आणि डिमर, एलईडीचे सप्लाय यांचा तीक्ष्ण कचरा गोळा करतं. म्हणूनच तारा अर्थला जोडलेल्या असतात. वादकाने तारांना हात लावला की त्याचं शरीरही अर्थच्या पातळीला येतं आणि चरचर पडते.

मित्राने तारांना हात लावला. काही फरक नाही. जॅकच्या धातूच्या पट्टीला बोट लावलं, चरचर झटक्यात खाली. निदान तिथेच झालं: ब्रिजकडे जाणारी अर्थची वायर तुटलेली होती. मागचं झाकण काढलं तर ब्रिजच्या स्प्रिंग ज्याला अडकवलेल्या असतात त्या पंजावरचं सोल्डर सुटलेलं, पण वायर आपल्या जागी नीट टेकून बसलेली, त्यामुळे नुसत्या नजरेला काही दिसलं नसतं. हे सोल्डर सुटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पंजा जाड पोलादाचा, तो उष्णता पिऊन टाकतो. 25 वॉटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने वर नुसता गोळा बसतो, धरत नाही. आम्ही पंजा कानसाने घासून उजळ केला आणि 60 वॉटची इस्त्री वापरली. आता तारांना हात लावताच चरचर जात होती.

घूं मात्र जशीच्या तशी. मित्र खुर्चीवर बसून हळूहळू फिरला. एका दिशेला घूं मोठी, काटकोनात वळल्यावर जवळजवळ नाहीशी. म्हणजे ती चुंबकीय. स्विच दुसऱ्या आणि चौथ्या खटक्यावर नेला की घूं बंद. याचा अर्थ मधला पिकअप उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या चुंबकांचा आहे; त्या दोन खटक्यांवर ही गिटार हमबकरसारखीच वागते. वर्षानुवर्षं वाजवूनही मित्राने हे कधी कानावर घेतलं नव्हतं.

तांब्याची पट्टीही लावून पाहिली. पोकळी आणि पिकगार्डची (पुढच्या झाकणाची) मागची बाजू मढवली, प्रत्येक तुकडा दुसऱ्याशी खरोखर जोडला गेलाय की नाही ते मल्टिमीटरने तपासलं, सगळ्याला मिळून एक वायर अर्थला. तारांना हात नसताना येणारी चरचर बरीच घटली. घूं तसूभरही हलली नाही. आमचा पट्टीवाला मित्र खट्टू झाला, पण यात पट्टीचा दोष नाही. 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र कागदाएवढ्या तांब्याला जुमानत नाही. ते अडवायचं तर खास मिश्रधातूचं जाड कवच लागेल, आणि ते पिकअपभोवती घातलं तर तारेचा संकेतही अडकेल.

इथे केबलचा विषय निघाला. मित्राची तक्रार अशीही होती की मंडपात गिटार 'दबलेली' वाटते, आणि त्याचा दोष तो पिकअपला देत होता. पिकअपची कॉइल आणि केबलची धारणक्षमता (कपॅसिटन्स) मिळून एका ठरावीक कंपनसंख्येवर उठाव देतात. तोच त्या गिटारचा चमकदार आवाज. चांगल्या केबलची क्षमता मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास धरली, तर पाच मीटर केबलवर स्ट्रॅटचा उठाव साधारण चार हजार हर्ट्झवर येतो आणि जुन्या धाटणीच्या हमबकरचा तीन हजारांच्या थोडा वर. मंडपात मित्र दहा मीटरची केबल वापरत होता. त्या केबलवर स्ट्रॅटचा उठावही तीन हजारांच्या जवळ उतरतो. म्हणजे ज्या चमकेसाठी सिंगल कॉइल घ्यायची, तीच तो केबलच्या गुंडाळीत घालवत होता. नवे पिकअप घेऊनही हे सुटलं नसतं.

मंडपात जाण्याआधी

गिटार दुरुस्त झाली म्हणून सगळे खूश होते. काका नव्हते. त्यांचं म्हणणं असं: तालमीच्या रात्री ब्रिजची वायर तुटलेली होती, म्हणजे मित्राचा हात अ‍ॅम्पच्या सांगाड्याला जोडलेला नव्हता. आता तो जोडला गेलाय. मंडपातलं अर्थिंग नीट नसेल तर आजची गिटार कालच्यापेक्षा जास्त धोकादायक आहे.

कीबोर्डवाला मुलगा आधीपासून सांगत होता की मायकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. त्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं. 1972 च्या मे महिन्यात स्वान्सी इथे स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे याचा रंगमंचावरच अर्थिंग नसलेल्या मायकला स्पर्श होऊन मृत्यू झाला. एका हाताला गिटारच्या तारा, दुसरीकडे माइक, आणि दोघांमध्ये व्होल्टेजचा फरक. वीज छातीतून जाते. हे पुन्हा पुन्हा सांगायला मला संकोच वाटत नाही.

काकांनी मंडपात मल्टिमीटर लावला. एक टोक गिटारच्या ब्रिजला, दुसरं मायकच्या जाळीला. आकडा नव्वदच्या वर जाऊन डगमगत होता. बोर्ड उघडला तर तीन पिनांच्या सॉकेटला दोनच वायरी आलेल्या, अर्थचं भोक नुसतं शोभेला. अशा वेळी कीबोर्ड, अ‍ॅम्प यांच्या आतले फिल्टरचे कपॅसिटर सांगाड्याला मधल्याच कुठल्यातरी व्होल्टेजवर तरंगत ठेवतात. प्रवाह कमी असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण एखाद्या यंत्राचं इन्सुलेशन खचलं तर झिणझिण्यांवर भागणार नाही, आणि पावसाळ्यातल्या ओल्या मॅटवर तर मुळीच नाही.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना काका स्पष्टच म्हणाले, "हे होत नाही तोवर मी पोरांना वर चढू देणार नाही." कार्यकर्तेही चांगले, त्यांनी वाद घातला नाही. महाराणी रोडवरून तीन वायरींची जाड केबल आली, शेजारच्या हॉलच्या मुख्य पॅनलवरून खरं अर्थ आणलं, मधे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) बसवला. अ‍ॅम्प, मिक्सर, कीबोर्ड एकाच बोर्डावर, आणि रोषणाईचे डिमर वेगळ्या लाइनवर. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघत वाढलेल्या माणसाला रोषणाई कमी कर म्हणणं शक्य नाही, पण तिची वायर गिटारपासून दूर नेता येते. त्यानंतर ब्रिज आणि माइक यांच्यात मीटरने शून्याच्या जवळपास दाखवलं.

मग साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये बारीक घूं उरली. अ‍ॅम्प आणि मिक्सर दोन वाटांनी अर्थला जोडले गेले की असं वर्तुळ तयार होतं. तो म्हणाला, अ‍ॅम्पची अर्थ पिन काढून टाका. हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो, आणि तो कधीही मानू नये. डीआय बॉक्सवर (वाद्याचा संकेत मिक्सरला नेणाऱ्या पेटीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण याचसाठी असतं; ते संकेताच्या वायरीतली जोड तोडतं, विजेच्या अर्थला हात लावत नाही. बटण दाबलं, घूं गेली.

तीन गिटारी एका खोलीत

एवढं झाल्यावर मूळ प्रश्न नीट विचारता आला: या कामासाठी कोणती गिटार? मित्राची स्ट्रॅट, कंपूतली एपिफोन लेस पॉल, आणि एकाची यामाहा पॅसिफिका 112 व्ही, जिला ब्रिजकडे हमबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल आहेत. एकच अ‍ॅम्प, एकच पाच मीटरची केबल, नॉब न हलवता.

तुलना सुरू करण्याआधी मिक्सरच्या मीटरवर तिघींची पातळी सारखी केली. हे न करता केलेली कुठलीही तुलना मला मान्य नाही, कारण जी गिटार थोडी मोठी वाजते तीच सगळ्यांना 'भरीव' वाटते. पिकअपचा किलोओहमचा आकडा पाहून ताकद ठरवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. स्ट्रॅटचा पिकअप सहा किलोओहमच्या आसपास, जुन्या धाटणीचा हमबकर आठच्या. पण तो तारेचा नुसता रोध आहे, बारीक तार वापरली तरी वाढतो. चुंबक कोणता, वेढे किती, हे त्यातून कळत नाही.

स्ट्रॅटचा मानेकडचा पिकअप फार वर उचललेला निघाला. चुंबक जाड तारेला खेचत होते, त्यामुळे बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) वर तीच तार दोन सुरांत लहरत होती. शेवटच्या पट्टीवर तार दाबून जाड तारेखाली 2.4 आणि बारीक तारेखाली 2 मिलिमीटर अंतर ठेवलं. फेंडरची जुन्या धाटणीच्या पिकअपसाठीची शिफारस हीच आहे. एका पेचकसाने एवढा फरक पडतो की पिकअप विकायला काढण्याआधी प्रत्येकाने हे करून बघावंच.

पाठ फिरवून ऐकणाऱ्यांना स्ट्रॅटचा दुसरा खटका आणि पॅसिफिकाचा तोच खटका वेगळे सांगता येत नव्हते. लेस पॉलचा मानेकडचा पिकअप मात्र प्रत्येकाने पहिल्या सुरात ओळखला. पॅसिफिकाचा टोनचा नॉब वर ओढला की हमबकरची एक कॉइल बंद होते. आवाज सडपातळ होतो, आणि घूं परत येते. अर्धा हमबकर म्हणजे पुन्हा सिंगल कॉइलच.

वाजवणाऱ्याच्या हाताला जे कळतं ते ऐकणाऱ्याला कळत नाही. लेस पॉलची स्केल पावणेपंचवीस इंचांची, त्यामुळे त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात सहा टक्के कमी ताणाच्या. मींड घ्यायला बोटाला सोपं. पण तिचं डोकं मागे कललेलं आणि खुंट्या दोन्ही बाजूंना, म्हणून डी आणि जी या तारा नटपाशी (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) तिरक्या वळतात. खाच जरा घट्ट असली की मींडेनंतर जी तार नटमध्ये अडकून चढी राहते. एपिफोनची तीच गत होती. खाचेत पेन्सिलचं शिसं घासल्यावर सुधारली. स्ट्रॅटच्या तारा नटवरून सरळ जातात, हा तिचा साधा पण मोठा गुण. भावगीतांत मित्र ट्रेमोलोच्या दांडीने सूर हलकेच डोलवतो, आणि ते लेस पॉलवर होणारच नव्हतं. त्यात तीन तास उभं राहून वाजवायचं. चार किलोंच्या पुढची गिटार खांद्याला जाणवते.

काय ठरलं

स्ट्रॅट विकली नाही. कार्यक्रमात मित्राने बहुतेक गाणी दुसऱ्या आणि चौथ्या खटक्यावर वाजवली, पाच मीटरची केबल लावून, अ‍ॅम्पपासून दोन पावलं दूर आणि त्याच्याशी काटकोनात उभा राहून. डिस्टॉर्शनची (मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजाची) दोन गाणी पॅसिफिकाच्या हमबकरवर घेतली, कारण डिस्टॉर्शन हलका संकेत प्रचंड वाढवतं आणि त्याबरोबर ब्रिजच्या सिंगल कॉइलची घूंही. गायिकेला या वेळी मागे वळून बघावं लागलं नाही. कीबोर्डवाल्याच्या ओठांनाही काही झालं नाही.

राहिलेला प्रश्न ब्रिजच्या पिकअपचा. तिथे एकच स्टॅक पिकअप टाकायचा त्याचा विचार आहे. वरच्या सुरांचा थोडा मोकळेपणा स्टॅकमध्ये जातो, पण डिस्टॉर्शनला ते चालून जाईल. खरी अडचण दुसऱ्या खटक्याची आहे. ब्रिजचा पिकअप स्वतःच घूं खोडणारा झाला की मधल्याची घूं खोडायला जोडीदार उरत नाही, आणि आज शांत असलेला तो खटका पुन्हा बोलू लागेल. चार वायरींचा स्टॅक घेऊन त्या खटक्यावर त्याची खालची कॉइल बंद केली, आणि वरच्या कॉइलची दिशा मधल्याच्या उलट असली, तर जोडी परत जुळते. त्यासाठी स्विचचा दुसरा ध्रुव लागतो, आणि तो सध्या टोनच्या नॉबांना दिलेला आहे. टोनचा एक नॉब सोडायला मित्र तयार आहे. कोणता सोडायचा यावर अजून आमच्यात एकमत नाही. माझं मत मधल्या पिकअपचा.